तालुक्याच्या दवाखान्यातील मेडिकल कोडिंग, बिलिंग आणि व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील लहान खाजगी रुग्णालयांच्या नोंदी आणि बिले तपासताना डॉक्टर, स्वागतकक्षातील कर्मचारी, परिचारिका आणि या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे आणि जेथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोडिंग आणि बिलिंग यांत फरक काय? आमच्याकडे दोन्ही कामे रिसेप्शनवरची एकच मुलगी करते.

डॉक्टरांनी लिहिलेले निदान आणि केलेला उपचार ठरावीक सांकेतिक क्रमांकांत मांडणे म्हणजे कोडिंग. त्या उपचाराचे पैसे रुग्ण, शासकीय योजना किंवा विमा कंपनी यांपैकी कोणाकडून, किती आणि कोणत्या कागदांच्या आधारे मागायचे हे ठरवणे आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत त्या मागणीचा पाठपुरावा करणे म्हणजे बिलिंग. लहान रुग्णालयात ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असण्यात काही गैर नाही. मात्र त्यांचा क्रम कधीही उलटा होऊ नये. केस पेपर वाचून कोड ठरतो आणि कोडनंतर बिल तयार होते. किती रक्कम मिळेल हे आधी पाहून त्याला जुळणारा कोड शोधला, तर तेथून फसवणूक सुरू होते (प्रश्न १९ पाहा).

२. आमचे दहा खाटांचे रुग्णालय आहे आणि बहुतेक पेशंट रोखीने पैसे देतात. मग आम्हाला कोडची गरज काय?

रोख पैसे देऊन घरी गेलेला रुग्ण महिनाभराने आपले कागद घेऊन परत येतो, हा अनुभव प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आहे. कोणाला नोकरीच्या ठिकाणी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती हवी असते, कोणाला विम्याचा दावा करायचा असतो, तर कोणाला अपघाताच्या अनुदानासाठी प्रमाणपत्र हवे असते. त्या वेळी डिस्चार्ज कार्डावर केवळ ‘ताप व अशक्तपणा’ लिहिलेले असेल, तर रुग्णालयाने उत्तम उपचार करूनही रुग्णाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून बाह्यरुग्ण विभागात कोड लिहिला नाही तरी चालेल, परंतु भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर अंतिम निदान पूर्ण शब्दांत आणि त्यापुढे कोड लिहावा, असा माझा आग्रह आहे. यामुळे दुसरा लाभही होतो. पावसाळ्यात तापाचे, सर्पदंशाचे किंवा विषबाधेचे किती रुग्ण आले हे वर्षाच्या शेवटी मोजता येते आणि पुढच्या हंगामासाठी औषधांचा साठा अंदाजाने नव्हे, तर आकड्यांवरून करता येतो.

३. भारतात कोणते कोड वापरायचे? अमेरिकेतील सीपीटी कोड बिलावर लिहिले तर चालतात का?

निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-१० हे वर्गीकरण वापरावे. त्याचे तीन खंड आहेत: पहिल्यात कोडची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम आणि तिसऱ्यात वर्णानुक्रमे सूची. आयसीडी-११ हे नवे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले असले, तरी आपल्याकडील दाव्यांचे काम आजही मुख्यतः आयसीडी-१० वर चालते. त्यामुळे लहान रुग्णालयांनी घाईने बदल करण्याचे कारण नाही.

सीपीटी हे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे असून ते तेथील विमा पद्धतीसाठी आहेत. येथील योजनांमध्ये प्रत्येक उपचाराला योजनेनेच ठरवलेला पॅकेज क्रमांक असतो आणि खाजगी विम्यात रुग्णालयाच्या दरपत्रकाप्रमाणे बाबवार बिल लागते. त्यामुळे आपल्या बिलावर सीपीटी कोड लिहून काहीही साधत नाही.

४. एखाद्या आजाराचा कोड शोधण्याची योग्य पद्धत कोणती? आम्ही सरळ मोबाइलवर शोधतो.

मोबाइलवर शोधण्यात एक मोठी अडचण आहे. तेथे जे दिसते ते बहुधा अमेरिकेचे सुधारित रूप असते आणि त्याचे कोड आपल्यापेक्षा लांब असतात (प्रश्न १८ पाहा). योग्य पद्धत अशी, की आधी तिसऱ्या खंडातील सूचीत आजाराचे नाव शोधावे, तेथे मिळालेला कोड पहिल्या खंडात उघडावा आणि त्याखाली काय समाविष्ट व काय वगळलेले आहे, ते वाचूनच तो नक्की करावा. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि चुका तेथेच होतात.

उदाहरणार्थ, प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहाचा मूळ कोड ई ११ आहे. त्यापुढचा अंक गुंतागुंत सांगतो: मूत्रपिंडाची गुंतागुंत असेल तर ई ११.२, डोळ्यांची असेल तर ई ११.३, मज्जातंतूंची असेल तर ई ११.४ आणि कोणतीच गुंतागुंत नसेल तर ई ११.९. पायाला जखम होऊन भरती झालेल्या मधुमेही रुग्णाला ई ११.९ लावला, तर ‘गुंतागुंत नाही, मग सात दिवस भरती का ठेवले?’ अशी क्वेरी, म्हणजे दावा तपासणाऱ्यांची लेखी शंका, येणारच. शेवटी ९ असलेला कोड दिसला, की आपण पुरेसे वाचले आहे का, हे एकदा स्वतःला विचारावे.

५. तापाचे निदान पक्के झाले नसेल तर काय लिहावे? डॉक्टर ‘डेंग्यू?’ असे प्रश्नचिन्ह टाकून ठेवतात.

भरतीच्या वेळी प्रश्नचिन्ह असणे स्वाभाविक आहे. ते रुग्णाला घरी सोडण्याच्या, म्हणजे सुट्टी देण्याच्या दिवशीही तसेच राहणे योग्य नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात विदर्भात मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस हे तिन्ही आजार एकाच वेळी दिसतात आणि त्यांचे कोड पूर्णपणे वेगळे आहेत. फाल्सिपेरम मलेरियाला बी ५०, व्हायवॅक्सला बी ५१ आणि स्क्रब टायफसला ए ७५.३ हा कोड आहे. कारण न सापडलेल्या तापाला आर ५०.९ आहे. तपासणी अहवाल आल्यावर डॉक्टरांनी अंतिम निदान स्वतःच्या हाताने लिहावे आणि कोड त्यावरूनच द्यावा.

सुट्टीपर्यंत निदान संशयितच राहिले आणि अधिक माहिती मिळण्याची शक्यता नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार भरती रुग्णाच्या बाबतीत संशयित निदान पक्के समजून कोड देता येतो. संशय निराधार ठरला असेल, तर निरीक्षणासाठीचा झेड ०३ हा गट वापरावा. परंतु हा नियम सांख्यिकीसाठी आहे. योजना आणि विमा कंपन्या अहवाल मागतात आणि अहवालाविना संशयित निदानावर पैसे देत नाहीत, हे वेगळे लक्षात ठेवावे.

६. फवारणीतून विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचा केस पेपर आणि कोड कसा लिहावा? पुढे घरच्यांना अनुदान मिळत नाही, अशी तक्रार येते.

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून या रुग्णांच्या कागदांकडे प्रशासनाचे, पोलिसांचे आणि विमा कंपन्यांचे बारकाईने लक्ष असते.

विषबाधेला नेहमी दोन कोड लागतात. पहिला कोणते विष ते सांगतो: ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशक असेल तर टी ६०.० आणि तणनाशक असेल तर टी ६०.३. दुसरा कोड ते शरीरात कसे गेले ते सांगतो: अपघाताने गेले असेल तर एक्स ४८, स्वतःहून घेतले असेल तर एक्स ६८ आणि हेतू ठरवता येत नसेल तर वाय १८. विष तेच, उपचार तेच, ॲट्रोपिनही तेच. परंतु या दुसऱ्या कोडमागील एका वाक्यावर कुटुंबाचे पुढचे दिवस अवलंबून असतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेने शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. आत्महत्येला मात्र हे अनुदान लागू नाही.

म्हणून भरतीच्या वेळीच पुढील गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: फवारणी कोणत्या पिकावर आणि किती वेळ चालली होती, औषधाचे नाव काय, बाटली किंवा पुडी सोबत आणली आहे का, तोंडावर रुमाल किंवा हातमोजे होते का, लक्षणे किती वाजता सुरू झाली, कपड्यांना किंवा अंगाला औषधाचा वास होता का आणि ही माहिती नेमकी कोणी दिली. रुग्ण बेशुद्ध असेल तर ‘माहिती देणारा : सोबत आलेला चुलत भाऊ’ असे नाते स्पष्ट लिहावे. ‘पॉयझनिंग’ एवढा एकच शब्द लिहून सोडलेला कागद नंतर कोणाच्याही बाजूने उपयोगी पडत नाही.

विषबाधेची प्रत्येक केस मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस व न्यायालयाशी संबंध येणारी असते. पोलिसांना लेखी सूचना देऊन तिची पोच फाइलमध्ये लावावी. हेतूबद्दल खात्री नसेल, तर डॉक्टरांनी कोणत्याही बाजूने अंदाज लिहू नये आणि कोडरने वाय १८ वापरावा. नातेवाइकांच्या विनवणीवरून एक्स ६८ चा एक्स ४८ करणे ही करुणा नव्हे, खोटी नोंद आहे. परंतु आळसाने किंवा घाईने, काहीही न विचारता, प्रत्येक विषबाधेला आत्महत्येचा प्रयत्न ठरवणे हा त्या कुटुंबावर तेवढाच मोठा अन्याय आहे, आणि माझ्या पाहण्यात हा दुसरा प्रकार अधिक येतो.

७. सर्पदंशाच्या रुग्णाचे बिल विमा कंपनीने निम्म्यावर आणले. काय कमी पडले असेल?

बहुधा वेळांची नोंद कमी पडलेली असते. सर्पविषाचा कोड टी ६३.० आणि बाह्य कारणाचा कोड एक्स २० हे लिहिणे सोपे आहे. प्रतिविषाच्या प्रत्येक कुपीचे समर्थन करणे कठीण असते. दंश किती वाजता झाला, रुग्ण किती वाजता पोहोचला, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कधी केली आणि तिचा निकाल काय आला, पापण्या पडणे किंवा श्वास अडणे ही लक्षणे कधी दिसली, किती कुपी कोणत्या बॅच क्रमांकाच्या दिल्या आणि त्यानंतरची चाचणी कधी केली, हे सर्व वेळेसह असेल, तर कपात टिकत नाही. विषाची लक्षणे न दिसलेल्या रुग्णाला केवळ निरीक्षणासाठी ठेवले असेल, तर तसेच लिहावे. त्याला टी ६३.० लावू नये.

८. सिकलसेलच्या रुग्णांना कोणता कोड द्यावा? रिपोर्टवर कधी ‘एएस’ तर कधी ‘एसएस’ लिहिलेले असते.

‘एएस’ म्हणजे केवळ वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. वाहकाला डी ५७.३, वेदनेचा झटका नसलेल्या रुग्णाला डी ५७.१ आणि झटका घेऊन आलेल्या रुग्णाला डी ५७.० हा कोड आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर असल्याने ही गफलतही येथेच सर्वाधिक होते. वाहक असलेल्या निरोगी तरुणीच्या कार्डावर ‘सिकलसेल आजार’ अशी नोंद झाली, तर पुढे विमा घेताना आणि लग्न जुळवतानाही तिला त्रास होतो. केवळ सोल्युबिलिटी चाचणीवर निदान लिहू नये. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीचा अहवाल पाहूनच नोंद करावी.

९. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना नेमकी कोणाला लागू आहे? पांढरे रेशन कार्ड असलेले पेशंट विचारतात.

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत अमरावती आणि गडचिरोली हे आपल्याकडचे दोन जिल्हे होते. २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत एकत्रितपणे चालते. आरंभी ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती होती. पुढे अमरावती विभागातील पाच जिल्हे आणि वर्धा यांसह चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरी सातबाराच्या आधारे पात्र ठरले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांचे संरक्षण ठरले. त्यामुळे पांढऱ्या कार्डाच्या रुग्णाला परत पाठवू नये. मात्र लाभ केवळ अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या रुग्णालयात आणि योजनेच्या यादीत असलेल्या उपचारांनाच मिळतो. आपले रुग्णालय अंगीकृत नसेल, तर रुग्णाला जवळच्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राचा (रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या कर्मचाऱ्याचा) पत्ता देणे हे आपले कर्तव्य आहे.

१०. योजनेतील क्लेम वारंवार परत का येतात?

माझ्या पाहण्यातील बहुतेक क्लेम उपचारातील दोषामुळे नव्हे, तर कागदांतील विसंगतीमुळे अडकतात. आधार कार्डावर ‘शेवंताबाई’, शिधापत्रिकेवर ‘शेवंता’ आणि केस पेपरवर ‘शेवंतीबाई’ असे नाव असते. पूर्वमान्यता एका पॅकेजची घेतलेली असते आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीत दुसरीच क्रिया लिहिलेली असते. परिचारिकेच्या तक्त्यावर शेवटची नोंद रविवारी रात्रीची असते आणि सुट्टी मंगळवारची दाखवलेली असते. म्हणून भरतीच्या क्षणी ओळखपत्रावरील नाव अक्षरशः उतरवून घ्यावे. शस्त्रक्रियेदरम्यान ठरलेली क्रिया बदलावी लागली, तर त्याच दिवशी कारणासह पोर्टलवर कळवावे. फाइल पाठवण्यापूर्वी बिल न बनवणाऱ्या एखाद्या व्यक्तीने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी; स्वतःच्या फाइलमधील विसंगती स्वतःला दिसत नाही.

तातडीच्या रुग्णाच्या बाबतीत पूर्वमान्यतेची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. दूरध्वनीवरून तातडीची मान्यता घेण्याची सोय असते. तिची वेळ आणि संदर्भ क्रमांक केस पेपरवर लिहून ठेवावा.

११. योजनेतून भरती केलेल्या रुग्णाकडून थोडी वेगळी रक्कम घेता येते का? पॅकेजमध्ये परवडत नाही.

नाही. मान्य पॅकेजमधील उपचार रुग्णासाठी संपूर्णपणे विनामूल्य असतात आणि ‘बाहेरून आणा’ म्हणून औषधाची चिठ्ठी देणे हाही पैसे घेण्याचाच प्रकार ठरतो. रुग्ण १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करू शकतो आणि ती सिद्ध झाल्यास रुग्णालयाचे अंगीकरण धोक्यात येते. पॅकेजचा दर परवडत नाही, ही अनेक लहान रुग्णालयांची खरी अडचण आहे आणि ती संघटनेमार्फत मांडलीही पाहिजे; तिचा भार रुग्णावर टाकता येत नाही.

१२. आमचे रुग्णालय लहान आहे म्हणून विमा कंपनीने दावा नाकारला. असे करता येते का?

आरोग्य विम्याच्या प्रमाणित व्याख्येनुसार रुग्णालय संबंधित कायद्याखाली नोंदणीकृत असावे, किंवा त्याने काही किमान अटी पूर्ण केलेल्या असाव्यात. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि अन्यत्र किमान १५ खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी, अशा त्या अटी आहेत. म्हणून नाकारणी आल्यावर प्रथम आपल्या नोंदणी प्रमाणपत्राची मुदत आणि त्यावरील खाटांची संख्या पाहावी. प्रत्यक्षात बारा खाटा आणि प्रमाणपत्रावर आठ, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते; ती नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्त करून घ्यावी.

१३. कॅशलेसची मंजुरी येण्यास किती वेळ लागला पाहिजे? आणि खोलीभाडे मर्यादेपेक्षा जास्त झाले म्हणून सगळ्याच बिलात कपात करता येते का?

विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या प्राथमिक विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आहे. सुट्टीच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असून उशिरामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च कंपनीने सोसायचा आहे. विनंती पाठवल्याची वेळ मुद्रित करून ठेवावी, म्हणजे उशीर सिद्ध करता येतो.

खोलीभाड्याच्या प्रमाणात होणारी कपात केवळ डॉक्टरांचे शुल्क, परिचर्या यांसारख्या खोलीशी निगडित खर्चांना लागू होऊ शकते. औषधे, वापरून टाकायचे साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ती लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कावरही नाही. जेथे खोलीनुसार वेगवेगळे दर आकारलेच जात नाहीत, तेथे ही कपात मुळीच करता येत नाही. तालुक्याच्या बहुतेक रुग्णालयांत सर्व खोल्यांना डॉक्टरांचे शुल्क एकच असते, त्यामुळे तेथे हा मुद्दा दरपत्रक जोडून ठामपणे मांडावा. कंपनीने ऐकले नाही, तर विमाधारकाला ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते.

१४. जीएसटी, टीडीएस आणि पावतीवरील तिकीट यांचे नियम थोडक्यात सांगा.

रुग्णसेवेला जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. ग्रामीण भागात अशी वेळ क्वचितच येते. भरती रुग्णाला उपचाराचा भाग म्हणून दिलेली औषधे करमुक्त सेवेत मोडतात, परंतु बाह्यरुग्णाला दुकानातून विकलेल्या औषधांवर कर लागतो. म्हणून दोन्हींची बिले वेगळी ठेवावीत.

टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) रुग्णालयाला पैसे देताना व्यावसायिक शुल्काप्रमाणे १० टक्के टीडीएस कापते. ही विम्याची कपात नव्हे, आपलाच आगाऊ भरलेला कर आहे. बिलाच्या नोंदीत ती वेगळ्या रकान्यात दाखवावी आणि आयकर खात्याच्या वार्षिक विवरणाशी ताडून पाहावी.

५,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेच्या पावतीवर १ रुपयाचे महसूल तिकीट लावावे. एका रुग्णाच्या एका भरतीसाठी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, मग ती तुकड्यांत का असेना.

१५. कापूस निघाल्यावर पैसे देतो, असे सांगून रुग्ण जातात. ही उधारी हिशेबात कशी दाखवावी?

पावसाळ्यात आजार जास्त असतात आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा मात्र दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा आणि त्यानंतर कापसाचा येतो. त्यामुळे उधारी हा येथील रुग्णालयांच्या व्यवस्थापनाचा नेहमीचा भाग आहे आणि तो डॉक्टरांच्या स्मरणशक्तीवर सोडता कामा नये. बिल पूर्ण रकमेचे करावे, मिळालेल्या रकमेची पावती द्यावी आणि शिल्लक रक्कम रुग्णाच्या नावाने वेगळ्या नोंदवहीत घ्यावी. डॉक्टरांनी सूट दिली असेल, तर ती ‘सूट’ म्हणून त्यांच्या सहीने दाखवावी. बिलाचीच रक्कम कमी करून टाकली, तर दरपत्रक आणि बिल यांचा मेळ राहत नाही आणि पुढे त्याच दराचे विमा बिल गेल्यावर शंका घेतली जाते.

देणे राहिले म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, आणि महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील २०२१ च्या सुधारणेनंतर थकीत बिलासाठी मृतदेह रोखणे स्पष्टपणे निषिद्ध आहे. त्याच नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.

१६. जुने केस पेपर किती वर्षे ठेवावेत? आणि नातेवाईक झेरॉक्स मागतात, तर द्यावी का?

वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. मेडिको-लीगल प्रकरणाचे कागद न्यायालयीन निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने नोंदी मागितल्यास ७२ तासांच्या आत प्रती देणे आवश्यक आहे. अर्ज लेखी घ्यावा आणि प्रती मिळाल्याची सही घ्यावी. बिल थकले आहे, हे प्रती नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. रुग्णाचे अहवाल कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात टाकण्याची सवय मात्र तत्काळ बंद करावी.

१७. मृत्यूच्या प्रमाणपत्रावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ लिहिले तर काय बिघडते?

हृदय बंद पडणे ही मृत्यूची रीत आहे, कारण नव्हे. ते प्रत्येक मृत्यूत घडते. रुग्णालयातील मृत्यूसाठी असलेल्या नमुना ४ मध्ये पहिल्या भागात तत्काळ कारण वर आणि मूळ कारण सर्वांत खाली लिहायचे असते. सर्पदंशाच्या रुग्णात ‘श्वसन निकामी होणे’ वर आणि ‘विषारी सर्पदंश’ खाली येईल. कोड मूळ कारणावरून ठरतो. मूळ कारण गाळले, तर सर्पदंशाने झालेला मृत्यू हृदयविकारात मोजला जातो आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या अनुदानापासून कुटुंब वंचित राहते, कारण त्या योजनेत सर्पदंशही येतो.

१८. मी दारव्ह्याजवळच्या गावात राहते, बीएस्सी झाली आहे. मेडिकल कोडिंगमध्ये नोकरी मिळेल का? क्लासची फी भरावी का?

आपल्या देशात ‘मेडिकल कोडर’ म्हणून जी नोकरी मिळते ती बहुतांशी अमेरिकेतील रुग्णालयांच्या कामाची असते आणि ती देणाऱ्या कंपन्या चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू, पुणे, मुंबई अशा शहरांत अधिक आहेत. त्यासाठी सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) ही परीक्षा प्रचलित आहे: शंभर बहुपर्यायी प्रश्न, चार तास, उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण आणि कोडची पुस्तके सोबत नेण्यास परवानगी. अनुभव नसलेल्या उमेदवाराच्या प्रमाणपत्रावर प्रारंभी ‘अप्रेंटिस’ असा उल्लेख असतो.

अभ्यासाच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींतील फरक समजून घ्यावा. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० चे स्वतःचे विस्तारित रूप वापरायला घेतले असून त्यात कोड सात अक्षरांपर्यंत जातो. प्रश्न ६ मधील विषबाधा आपण दोन कोडांनी लिहितो. तेथे अपघाताने झालेली विषबाधा टी ६०.०एक्स१ए आणि स्वतःहून घेतलेले विष टी ६०.०एक्स२ए असे हेतूसह एकाच कोडमध्ये येते. डॉक्टरांच्या कामासाठी सीपीटी कोड स्वतंत्रपणे शिकावे लागतात आणि २०२१ पासून तेथील बाह्यरुग्ण भेटीची पातळी वैद्यकीय निर्णयाची गुंतागुंत किंवा लागलेला एकूण वेळ यांवरून ठरते.

फीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देऊन आधी पूर्ण फी मागणाऱ्या क्लासपासून दूर राहावे. शरीररचनाशास्त्र आणि वैद्यकीय संज्ञा यांचा अभ्यास घरी बसून सुरू करता येतो. तो सहा महिने टिकला, तरच पैसे खर्च करावेत. तोवर जवळच्या रुग्णालयात बिलिंगचे काम मिळत असेल तर ते अवश्य करावे, कारण खऱ्या डॉक्टरांचे अक्षर आणि खरा केस पेपर वाचण्याची सवय कोणताही क्लास देत नाही.

१९. डॉक्टरांनी मला सांगितले, की साध्या जुलाबाच्या पेशंटला ‘तीव्र निर्जलीकरण व शॉक’ असे लिहून क्लेम पाठव. मी नोकरीत नवीन आहे. काय करू?

तसे लिहू नये. रुग्णाला खरोखर शॉक होता की नाही, हे आपण नव्हे, केस पेपर सांगतो. तेथे रक्तदाब ११०/७० असेल आणि एकच सलाइन लावलेले असेल, तर तो कोड तपासणीत टिकणार नाही आणि फाइल बनवणाऱ्याचेही नाव त्या चौकशीत येईल. शिवाय क्लेम जन आरोग्य योजनेतील असेल, तर त्या कुटुंबाच्या ५ लाखांच्या मर्यादेतून (प्रश्न ९ पाहा) ती रक्कम वजा होते आणि खरी गरज पडेल तेव्हा त्यांना ती कमी पडते.

उघड वाद घालण्याऐवजी लेखी विचारणा करण्याची पद्धत वापरावी. एका कागदावर रुग्णाचा भरती क्रमांक, केस पेपरवरील तपासणीची आकडेवारी आणि ‘या नोंदींवरून शॉकचे निदान दिसत नाही; कृपया निदान स्पष्ट करावे’ एवढेच लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे. अनेकदा निदान खरेच गंभीर असते आणि डॉक्टरांनी घाईत लिहिलेले नसते. तेव्हा ते आजच्या तारखेने, वेळ आणि सही घालून पुरवणी नोंद करू शकतात. जुन्या नोंदीत खाडाखोड करू नये, पांढरी शाई वापरू नये आणि मागची तारीख टाकू नये. चूक दुरुस्त करायची असल्यास तिच्यावर वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख लिहावी. विचारणेला उत्तर न देता तोच कोड टाकण्याचा आग्रह कायम राहिला, तर केस पेपरला धरून असलेला कोड टाकावा आणि विचारणेचा कागद स्वतःजवळ जपून ठेवावा.